भोसरीचं वर्कशॉप सोडून चाकणच्या मोठ्या कंपनीत जावं का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. वय २७, मेकॅनिकलचा डिप्लोमा, भोसरीत ३५ माणसांच्या सीएनसी (संगणकाच्या आज्ञेवर चालणाऱ्या मशीनच्या) वर्कशॉपमध्ये चार वर्षं दहा महिने झालेत. महिन्याला ३२ हजार हातात येतात. चाकणच्या एका मोठ्या वाहन कंपनीच्या क्वालिटी विभागातून ७ लाख २० हजार सीटीसीची (म्हणजे कंपनी तुमच्यावर वर्षाला करणार तो एकूण खर्च) ऑफर आली आहे. वडील म्हणतात, एवढी मोठी कंपनी आहे, डोळे मिटून जा. शेठ म्हणतात, तिथे गेलास की हातातलं कसब जाईल, इथे थांब, दोन वर्षांत सगळं वर्कशॉप तुझ्या ताब्यात देतो. दोघांपैकी कुणाचं ऐकू, असं तुम्ही विचारलंय.

मी १९९९ ते २००५ भोसरीतल्याच एका वर्कशॉपमध्ये काढली. लेथवर उभा राहिलो, सेटिंग शिकलो, माल घेऊन टेम्पोतही बसलो. त्यानंतरची वीस वर्षं एका मोठ्या वाहन कंपनीत, त्यातली बहुतेक सप्लायर क्वालिटीत (पुरवठादारांच्या मालाचा दर्जा बघण्यात). म्हणजे सकाळी कंपनीच्या बसने निघायचं आणि दुपारी तुमच्यासारख्याच एखाद्या वर्कशॉपमध्ये मशीनजवळ उभं राहायचं. त्यामुळे तुमचे वडील आणि तुमचे शेठ, दोघांचंही म्हणणं मला आतून पटतं. दोघंही आपापल्या जागी खरं बोलतायत.

पण एक गोष्ट दोघांच्याही बोलण्यात नाही. ‘मोठी कंपनी’ कुणाच्याच वाट्याला अख्खी येत नाही. वाट्याला येतं एक डिपार्टमेंट, एक साहेब आणि एक टेबल. दहा हजार माणसांच्या कंपनीतही रोजचा संबंध येतो पंधरा-वीस जणांशी. तेव्हा त्या टेबलावर पाच वर्षं बसल्यावर तुम्हाला काय काय येत असेल, हे आधी विचारायला हवं. गेटवरच्या पाटीवरून ते कळत नाही, आणि तुमच्या प्रश्नात नुसतं ‘क्वालिटी’ एवढंच लिहिलंय. त्याकडे मी पुढे येतो. आधी पैशाचा गैरसमज काढू, कारण तो तुमच्या हिशेबात शिरलेला दिसतो.

तुम्ही ७ लाख २० हजाराला बारांनी भागून महिन्याला ६० हजार धरलेत. तसे ते हातात येणार नाहीत. समजा मूळ पगार सीटीसीच्या निम्मा, म्हणजे महिना ३० हजार. कंपनीचा पीएफचा वाटा १२ टक्के, वर्षाला ४३,२०० रुपये, हा सीटीसीतच धरलेला असतो. ग्रॅच्युइटीची तरतूद मूळ पगाराच्या ४.८१ टक्के, म्हणजे साधारण १७,३००. व्हेरिएबल (कामगिरीवर ठरणारा भाग) दहा टक्के असेल तर ७२ हजार, आणि ते वर्षाच्या शेवटी, कंपनीचा आणि तुमचा निकाल पाहून मिळतं. विम्याचा हप्ता समजा १२ हजार. हे सगळं वजा केलं की महिन्याला ४८ हजारांच्या आसपास राहतात, त्यातून तुमचा स्वतःचा पीएफ ३,६०० आणि व्यवसायकर २०० जातो. हातात येतात ४४ हजार. कँटीन आणि बसची कपात असेल तर थोडे आणखी कमी. टक्के कंपनीप्रमाणे बदलतात, म्हणून पगाराचं पूर्ण विवरण मागून घ्या आणि हाच हिशेब तुमच्या आकड्यांवर करा. ३२ वरून ४४ ही वाढ चांगलीच आहे. फक्त ६० हजार धरून फ्लॅटचा हप्ता ठरवू नका. माझ्या हाताखाली आलेल्या दोन मुलांनी हेच केलं आणि पहिलं वर्ष ओढाताणीत काढलं.

दुसरं, आणि हे पगारापेक्षा महत्त्वाचं: ऑफर लेटरवर कुणाचं नाव आहे ते नीट वाचा. मोठ्या कंपन्यांच्या गेटमधून रोज आत जाणाऱ्या माणसांत कंपनीच्या रोलवरची (तिच्या स्वतःच्या पगारपटावरची) असतात, ठेकेदाराच्या रोलवरची असतात, ठरावीक मुदतीची असतात आणि ट्रेनीही असतात. युनिफॉर्म बऱ्याचदा सारखाच दिसतो. पण मंदी आली की पहिल्यांदा कुणाचा गेटपास बंद होतो, ते मी तीनदा पाहिलंय. पत्रावर तिसऱ्याच एजन्सीचं नाव असेल किंवा मुदत घातलेली असेल, तर वडील ज्या मोठ्या कंपनीबद्दल बोलतायत ती नोकरी ही नव्हे. तसं असेल तर माझं उत्तर बदलेल. मग शेठकडेच थांबा आणि दुसरी संधी बघा.

रोलवरची नोकरी आहे असं धरून पुढे लिहितो.

मोठ्या कंपनीने मला सगळ्यात मोठं काय दिलं असेल तर पद्धत. नोकरीला लागून वर्ष झालं असेल. असेंब्लीवरच्या एका ऑपरेटरला बेअरिंग बसवताना हाताला सैल लागलं. मोजलं तर एका पुरवठादाराच्या हाउसिंगचा बोअर (बेअरिंग बसतं ते भोक) १२ मायक्रॉनने मोठा. आत चार हजार नग आलेले. भोसरीत असं झालं असतं तर काय झालं असतं हे मला पाठ होतं: शेठ तापले असते, ऑपरेटरचा अर्धा दिवस कापला असता, आणि तीन महिन्यांनी तीच चूक दुसऱ्याच्या हातून झाली असती. इथे पहिल्या दोन तासांत सगळा माल वेगळा काढला. लॉट नंबरवरून दुसऱ्या दिवशीपर्यंत कळलं की तो माल एकाच रात्रपाळीतला, इन्सर्ट (मशीनचं कापणारं पातं) बदलल्यानंतरचा, आणि ऑफसेट (पात्याची जागा दुरुस्त करणारं माप) टाकताना आकडा चुकलेला. माझे साहेब तिथे थांबले नाहीत. आकडा का चुकला, चुकीचा आकडा मशीनने का घेतला, इन्सर्ट बदलल्यावर पहिला नग का मोजला नाही, असं विचारत गेले. शेवटी एका मर्यादेपलीकडचा ऑफसेट मशीन घेणारच नाही अशी सोय केली, आणि पहिला नग मोजून सही झाल्याशिवाय सायकल सुरू करायची नाही असं ठरलं. त्या ऑपरेटरला कुणी एक शब्द बोललं नाही. त्या पुरवठादाराकडून तो दोष पुन्हा आला नाही.

माणसाला न रागावता चूक कायमची बंद करता येते, हे मला तोवर माहीतच नव्हतं. कंट्रोल प्लॅन (काय, कधी, कसं तपासायचं त्याचा तक्ता) कसा वाचायचा, मोजमापाचं साधनच फसवत नाही ना हे कसं तपासायचं, सीपीके (माल मापाच्या मर्यादेत किती निर्धास्त बसतो ते सांगणारा आकडा) १.३३ च्या खाली गेला की माल मापात असूनही काळजी का करायची, हे वर्कशॉपमध्ये कानावर पडतं. पण त्यामागचं ‘का’ शिकवणारी माणसं, त्यासाठीचा वेळ आणि पैसा मोठ्या ठिकाणी असतो. तुमच्या हाताला हे ज्ञान जोडलं गेलं तर तुम्ही कुठेही उभे राहाल.

दुसरी गोष्ट आधाराची. २०१६ मध्ये माझ्या वडिलांची बायपास झाली. कंपनीच्या सामूहिक विम्यात आईवडील होते. मी फक्त कार्ड दाखवलं आणि तीन आठवडे रजा टाकली. माझे जुने शेठही माणूस म्हणून फार मोठे होते, बहिणीच्या लग्नात त्यांनी स्वतःच्या खिशातून ४० हजार दिले आणि परत मागितले नाहीत. पण ती त्यांची माया होती. त्यांचा धंदा चांगला चालला होता म्हणून ती करता आली. दोन वर्षांनी बिलं अडकली तेव्हा त्याच शेठकडे पगार वीस-वीस दिवस उशिरा झाले, आणि आम्हाला तोंड दाखवताना त्यांना होणारा त्रास आम्हाला दिसायचा. कंपनीचा विमा हा नियम आहे, तो मागायला लाज वाटत नाही. तुमच्या घरात वडीलधारी आजारी असतील तर याला जास्त वजन द्या, आणि आईवडील विम्यात येतात का, त्यांचा हप्ता कुणी भरायचा, हे स्पष्ट विचारून घ्या. सगळीकडे सारखं नसतं.

आता शेठ जे म्हणतात त्याकडे येतो, कारण तेही खोटं नाही.

पहिल्याच महिन्यात माझ्या बोअर गेजचं (भोक मोजायच्या साधनाचं) टोक तुटलं. काही शे रुपयांची वस्तू. भोसरीत मी मोटारसायकल काढली असती आणि अर्ध्या तासात घेऊन आलो असतो. इथे इंडेंट (मागणीचा फॉर्म) भरला, साहेबांची सही, त्यांच्या साहेबांची सही, मग स्टोअर, मग परचेस, मग तीन कोटेशनं. टोक २३ व्या दिवशी आलं. तोवर मी शेजारच्या लाइनचं गेज मागून काम केलं. पुढे कळलं की मोजमापाची वस्तू कुठूनही आणली तर तिच्या अचूकतेचा पुरावा राहत नाही, म्हणून हा सगळा खटाटोप. कारण पटलं. पण ज्याच्या हाताला झटपट निर्णयाची सवय आहे त्याला पहिलं वर्ष जड जातं. तुम्हालाही जाईल. त्याची तयारी ठेवा आणि त्यावरून नोकरी सोडू नका, हळूहळू कुठल्या कामाला किती आधी हात घालायचा हे कळायला लागतं.

काम अरुंद होत जातं, हे मात्र मला खरं संकट वाटतं. वर्कशॉपमध्ये तुम्ही ड्रॉइंग वाचता, फिक्श्चर (भाग मशीनवर पकडून ठेवायची चौकट) सुचवता, सेटिंग करता, ग्राहकाशी बोलता. मोठ्या कंपनीत यातल्या प्रत्येक कामाला वेगळा माणूस असतो. माझा एक सहकारी चौदा वर्षं फक्त आवक मालातल्या फास्टनरची (नट-बोल्टची) तपासणी बघत होता. अतिशय प्रामाणिक आणि चोख माणूस, त्याच्या टेबलावरून चुकीचा बोल्ट कधी आत गेला नाही. ज्या गाडीचा माल तो बघायचा ते मॉडेल कंपनीने दुसऱ्या राज्यातल्या कारखान्यात हलवलं. त्याला तिकडे बदली देऊ केली, पण मुलगी दहावीला होती. ४३ व्या वर्षी तो बाहेर मुलाखतींना गेला तेव्हा सगळीकडे एकच प्रश्न: याशिवाय काय केलंत? त्याला शेवटी पगार बराच कमी करून घ्यावा लागला. त्याची चूक काय होती, असं मी स्वतःला अनेकदा विचारलं. त्याने सांगितलेलं काम केलं होतं, एवढंच. तो प्रसंग आठवला की आजही मला वाईट वाटतं, आणि तुम्हाला एवढं लांबलचक लिहिण्याचं मोठं कारण तोच आहे.

वडिलांना वाटणाऱ्या सुरक्षिततेबद्दलही इथेच सांगतो. बजाजच्या आकुर्डीच्या कारखान्यातलं वाहनांचं उत्पादन २००७ मध्ये थांबलं. जनरल मोटर्सचा तळेगावचा कारखाना २००८ मध्ये सुरू झाला आणि डिसेंबर २०२० मध्ये तिथली शेवटची गाडी बाहेर पडली, नंतर तो ह्युंदाईने घेतला. आपल्या पट्ट्यातल्या किती घरांनी या दोन्ही गोष्टी जवळून पाहिल्यात. मोठी कंपनी एका महिन्याच्या मंदीने हलत नाही, २०२० च्या लॉकडाउनमध्ये आमचे पगार वेळेवर झाले आणि फक्त वाढ थांबली, त्याच वेळी माझे कितीतरी पुरवठादार पगारासाठी कर्ज काढत होते. पण मोठ्या कंपनीचा निर्णय दूर कुठेतरी होतो आणि तो झाला की कुणाशी बोलून बदलत नाही. शेठशी निदान भांडता तरी येतं.

आणखी एक धक्का बसेल तो अप्रेझलचा. एका वर्षी आमच्या हीट ट्रीटमेंटच्या पुरवठादाराची भट्टी बंद पडली. मी अकरा रात्री तिथे काढल्या, दुसऱ्याची भट्टी मिळवून दिली, प्रत्येक लॉटची हार्डनेस स्वतः पाहिली. आमची लाइन एक तासही थांबली नाही. फेब्रुवारीत साहेब बदलले. नव्या साहेबांसमोर माझं नाव एका तक्त्यात होतं आणि वरचं रेटिंग देण्याची संख्या ठरलेली होती. मला मधलं मिळालं. न थांबलेली लाइन कुणाला दिसत नाही, हे मला त्या वर्षी कळलं. मी चार-पाच महिने मनातून कामावर नव्हतो, घरीही चिडचिड करायचो. त्यातून मग एक सवय लावली: दर महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी साहेबांना एक पानाची मेल. कोणता प्रश्न होता, आधीचा आकडा काय, नंतरचा काय. मोठेपणाची एक ओळ नाही, नुसते आकडे. पुढे तीन साहेब बदलले, पण प्रत्येकाला माझं वर्ष आयतं वाचायला मिळालं. तुम्ही पहिल्या महिन्यापासून हे करा. ‘काम बोलेल’ हे ३५ माणसांत खरं असतं, कारण शेठ रोज मशीनजवळून फिरतात. दहा हजारांत कामाला लिहूनच बोलावं लागतं.

आता तुमच्या टेबलाकडे येतो. एचआरला फोन करून विचारा की क्वालिटीत नेमकं कुठे. सप्लायर क्वालिटी किंवा नव्या मॉडेलचं डेव्हलपमेंट असेल तर जा, असं मी मोकळेपणाने सांगतो. पाच वर्षांत शंभर कारखाने, फोर्जिंगपासून प्लॅस्टिकपर्यंतच्या प्रक्रिया आणि नवा भाग कागदावरून लाइनवर येईपर्यंतचा सगळा प्रवास पाहाल, आणि वर्कशॉपमधल्या हाताचा तिथे रोज उपयोग होईल. पुरवठादाराचा माणूस ‘हे मापात बसतच नाही’ म्हणाला तर खरं काय ते तुम्हाला मशीनच्या आवाजावरून कळेल, आणि ते कॉलेजमधून थेट आलेल्या मुलाला कळत नाही. लाइन क्वालिटी असेल तरी ठीक, शिफ्टचा त्रास आहे पण शिकायला मिळतं. नुसती अंतिम तपासणी किंवा ऑडिटची कागदपत्रं असतील तर जाण्याआधी विचारा की दोन-तीन वर्षांनी आतल्या आत विभाग बदलायला मिळतो का. मिळतो म्हणाले तर ज्यांना मिळाला अशा एखाद्याशी बोलायला मागा. आधीचा माणूस ती जागा का सोडून गेला, हेही विचारा. उत्तर देताना समोरचा किती अडखळतो, त्यावरूनही बरंच समजतं.

जाणं-येणं हा किरकोळ मुद्दा नाही. नाशिक फाट्यापासून चाकणपर्यंतचा रस्ता तुम्हाला माहीत आहे. बस तुमच्या थांब्यावर किती वाजता येते आणि संध्याकाळी कधी सोडते, हे आत्ताच तिथे काम करणाऱ्या कुणाला तरी विचारा. दिवसाचे तीन तास त्यात जाणार असतील तर ते पगारात धरा.

शेठच्या शब्दाचं काय? तुमचे शेठ खोटं बोलतात असं मला वाटत नाही. पण ‘दोन वर्षांत सगळं तुझ्या ताब्यात’ म्हणजे नक्की काय, हे त्यांच्याशी बसून बोला: पगार किती, हुद्दा काय, नफ्यात वाटा आहे का, आणि त्यांचा मुलगा धंद्यात येणार आहे का. ते कागदावर द्यायला तयार झाले तर तो प्रस्ताव गंभीरपणे घ्या. मग एकच गोष्ट तपासा. वर्कशॉपचा किती माल एकाच ग्राहकाला जातो? ऐंशी टक्के एकाच कंपनीला जात असेल, तर तुम्ही त्या कंपनीच्याच नशिबावर आहात, फक्त तिच्या विम्याशिवाय. चार-पाच ग्राहक असतील, बिलं वेळेवर येत असतील आणि शेठ लिहून देत असतील, तर थांबणं हा कमीपणाचा निर्णय अजिबात नाही. माझ्या बरोबरीचे दोघे असेच थांबले आणि आज स्वतःची वर्कशॉप चालवतात.

मी तुमच्या जागी असतो तर, रोलवरची नोकरी आणि बरं टेबल असेल तर गेलो असतो. २७ व्या वर्षी पद्धत शिकण्याची भूक असते आणि हात अजून ताजा असतो. पण आत गेल्यावर तीन वर्षांपेक्षा जास्त एकाच टेबलावर राहू नका, आणि महिन्यातून दोनदा तरी टूलरूममध्ये किंवा पुरवठादाराच्या मशीनवर स्वतः उभे राहा, कुणी सांगितलं नसलं तरी.

तारखेचं एक सांगायचं राहिलं. तुमची पाच वर्षं पूर्ण व्हायला दोनच महिने आहेत. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी कायम कामगाराला सलग पाच वर्षांनंतर ग्रॅच्युइटी मिळते: शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता, भागिले २६, गुणिले १५, गुणिले वर्षं. तुमचा मूळ पगार १८ हजार असेल तर ते जवळजवळ ५२ हजार होतात. तेव्हा नव्या कंपनीकडे रुजू होण्याची तारीख त्यानंतरची मागा. एवढा वेळ बहुतेक कंपन्या देतात, कारण त्यांच्याकडे येणारे बरेच जण आधीच्या ठिकाणी दोन-तीन महिन्यांची नोटीस भरूनच येतात. आणि पीएफ काढू नका, त्याच यूएएनवर (पीएफच्या कायम क्रमांकावर) नव्या खात्यात वळवून घ्या. पेन्शनसाठी दहा वर्षांची सेवा लागते, काढून घेतलात की ही पाच वर्षं त्यातून जातात.

राजीनामा मेलवर किंवा मॅनेजरच्या हाती पाठवू नका. संध्याकाळी मशीन बंद झाल्यावर शेठच्या केबिनमध्ये जाऊन स्वतः द्या, आणि जाण्याआधी तुमच्या हातातल्या जॉबची सेटिंग, फिक्श्चरच्या खोडी, कुठल्या ग्राहकाच्या ड्रॉइंगमध्ये कुठला आकडा फसवा आहे, हे सगळं वहीत लिहून मागच्या मुलाला समजावून द्या. मी जाताना तशी वही दिली होती. अजून दर दिवाळीला त्या वर्कशॉपमध्ये जातो. शेठ आता थकलेत, पण ती वही त्यांनी ठेवलीय, आणि नवा मुलगा आला की आधी तीच त्याच्या हातात देतात.